पिकअपचे टायर : रुंदी नव्हे, लोड इंडेक्स बघा

२१५/७५ आर१५ मापाच्या टायरच्या जागी (पहिला आकडा म्हणजे मिमीमधली रुंदी) २३५/७५ घ्यायचा विचार सोडून द्या. त्याचा व्यास साधारण ३० मिमीने वाढतो. स्पीडोमीटरचा काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६२-६३ ने पळत असते, भरल्या गाडीला कसारा घाटात ओढ कमी पडते आणि स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासू शकतो.

खरी निवड लोड इंडेक्सवर, म्हणजे टायरवर छापलेल्या भारक्षमतेच्या आकड्यावर होते. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२०. कांदा भरलेल्या गाडीची फक्त मागची चाकं वजनकाट्यावर घ्या. आलेल्या वजनाच्या निम्म्यापेक्षा टायरची क्षमता जास्तच हवी. स्वस्तात मिळतो म्हणून कारचा टायर टाकला, तर साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) तापून फुगतो आणि उन्हाळ्यात हायवेवर फुटतो. हवा कंपनीच्या तक्त्याप्रमाणे, टायर थंड असतानाच भरा. मागच्या चाकांच्या हवेचा आकडा रिकाम्या आणि भरलेल्या गाडीला वेगळा असतो.

दोनच नवे घेणार असाल तर मागे टाका, कारण ओल्या रस्त्यावर मागचा भाग घसरला की गाडी सावरत नाही. निफाड-दिंडोरीच्या काळ्या मातीतून शेतात जाणं रोजचं असेल तर मागे लग नक्षी (जाड ठोकळे, खोल खाचा) घ्या, डांबरावर थोडा आवाज होईल.

दुकानात टायरच्या बाजूवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. ट्यूबलेस असेल तर रिमच्या कडेचा गंज घासून घ्या, व्हॉल्व्ह नवा बसवा. ५०-१०० किमीनंतर नट पुन्हा आवळा.