शरदातला वर्ग : या दिवसांत पानगळ नसलेल्या गोव्यात तुम्ही मुलांना काय दाखवता? (अनुभव लिहा)

मी फोंडा तालुक्यात सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते, यंदा दुसरी आणि तिसरी एकाच वर्गात आहेत. धागा काढायचं कारण सांगते. गेल्या वर्षी वर्गासाठी ऋतूंचा एक रंगीत तक्ता आणला, त्यात शरदाच्या चौकोनात लाल-केशरी पानांचा सडा, एक मोठा भोपळा आणि मफलर गुंडाळलेला मुलगा. सप्टेंबर संपत आला होता, खिडकीबाहेर भात पिवळं पडायला लागलेलं, गवत मुलांच्या कमरेएवढं, आणि तिसरीतल्या एका मुलीने सरळ विचारलं, "टीचर, आमगेर पानां खंय पडटात?" (आमच्याकडे पानं कुठे पडतात?) तिचं बरोबरच होतं. आपल्याकडे झाडं पानं टाकतात ती फेब्रुवारी-मार्चात, उन्हाळ्याच्या तोंडावर, पाणी वाचवायला. त्या चित्रातली झाडं पानं टाकतात ती थंडी यायची म्हणून, दिवस लहान होतो तसा पानातला हिरवा रंग मोडत जातो आणि आधीपासून आत असलेला पिवळा वर दिसायला लागतो. हे मी मुलांना सांगितलं, तक्ता काढला नाही, त्याच्या शेजारी तेवढाच कोरा कार्डपेपर चिकटवला आणि वर लिहिलं "आमचा शरद". दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो भरला. कारीट (नरकचतुर्दशीला पायाने फोडतात ते कडू फळ), कणीस, कोळ्याचं जाळं, आपट्याचं पान, पाटीवरची सरस्वती, ओल्या कपड्यांची रिकामी दोरी (हे एका मुलाने काढलं, म्हणाला आता कपडे सुकतात!). तेव्हापासून मला वाटतंय की शरद शिकवायचा तर दाराबाहेरूनच उचलायला हवा. तुम्ही काय करता, लहानपणी तुमच्या शाळेत काय व्हायचं, पालक असाल तर मुलं घरी येऊन काय सांगतात, सगळं लिहा.

डिचोली, चौथीचा वर्ग

आमचा सावलीचा प्रयोग सांगतो, खर्च शून्य. एक मीटरची सरळ काठी अंगणात उभी पुरायची, ओळंबा लावून, आणि 23 सप्टेंबरच्या आसपास, पाऊस उघडला असेल त्या दिवशी, बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायची. सगळ्यात आखूड सावली बाराला येत नाही हाच मुलांना पहिला धक्का, ती येते साधारण साडेबाराला, कारण आपलं घड्याळ चालतं 82.5 अंश रेखांशावर आणि आपण बसलोय त्याच्या पश्चिमेला 74 च्या जवळ. ती आखूड सावली भरली 28 सेंटीमीटर. मग काठी तशीच ठेवली, सुट्टी संपल्यावर नोव्हेंबरच्या मध्यावर परत मोजली तर 67! मुलं म्हणाली काठी वाढली. नाही रे, सूर्य खाली सरकला दक्षिणेकडे. दिवस का लहान होतो हे पुस्तकातल्या गोलाच्या चित्राने मी सहा वर्षं शिकवत होतो, एवढ्या नीट कोणाला कळलेलं मी बघितलं नव्हतं. डिसेंबरात 22 तारखेच्या सुमाराला 80-81 पर्यंत जाते, ती खूण घ्यायची राहिली तर मुलं रागावतात म्हणून नाताळच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी घेतो.

एक सूचना, काठीभोवती दगड रचा. आमची पहिल्या वर्षीची काठी गुरांनी पाडली.

तिसवाडी, पहिली-दुसरी

माझ्या वर्गात 17 मुलं, त्यातल्या 8 जणांच्या घरी कानडी, बाकीच्यांच्या घरी कोंकणी, आणि शिकायचं मराठीतून. बाजूच्या खाजन शेतात (खाडीकाठी बांध घालून केलेलं शेत) कापणी चालू होती तिथे नेलं, आणि मी बोलून गेले, "बघा, हे भात." लगेच एक जण म्हणाला भात तर ताटात असतो. खरंच की, मराठीत शेतातलंही भात आणि ताटातलाही भात! कोंकणीवाली पोरं म्हणाली, "ना, शेतांत भात, ताटांत शीत." कानडीवाल्या मुलीला विचारलं, ती आधी लाजली, मग म्हणाली शेतात भत्त, डब्यात अक्की, ताटात अन्न. फळ्यावर तीन रकाने काढले आणि त्या दिवशी भाषेचा तास, परिसराचा तास, सगळं तिथेच झालं. ती मुलगी जूनपासून वर्गात जवळजवळ गप्प होती. त्या दिवशी ती सगळ्यांना अक्की म्हणायला शिकवत होती, ते दोन क असलेलं, जोर देऊन. दुसऱ्या दिवशी तिचे बाबा आले, बांधकामावर जातात, दारातच उभे राहून विचारलं, "बाई, आमची भाषा फळ्यावर लिवली का?" मी त्यांना आत बोलावून दाखवली, पुसली नव्हती.

खाजनाबद्दल पण सांगायला मिळतं, बांध कशाला, मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणवाटेचं, दार भरतीला मिटतं आणि ओहोटीला उघडतं ते कसं, खाऱ्या पाण्यात तग धरणारं कोरगुट भात म्हणजे काय. मुलांना मानशीचं दार फार आवडतं, ते पाण्याच्या जोरानेच उघडझाप करतं म्हणून.

पेडणे, आई आणि अंगणवाडी सेविका

पंचांगात भाद्रपद वर्षा ऋतूत येतो ते माहीत आहे, पण आमच्या मुलांचा शरद चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सुरू होतो आणि माटोळीपासूनच होतो (गणपतीच्या वर फळं, शेंगा बांधून टांगतात ती). माझ्या मुलाच्या टीचरने काय केलं, चवथीची सुट्टी संपल्यावर सांगितलं की विसर्जनानंतर माटोळीचं जे उरलं असेल ते घेऊन या. कवंडळ, कांगल्या, आंबाडे, सुपारीचा शिपटा, तोरिंजन, चिबूड, केवणीच्या पिळाच्या शेंगा. वर्गात सगळं जमिनीवर मांडून मुलांनी गट केले. टीचरने गट सांगितलेच नाहीत म्हणे. एका गटाने रंगावरून केले, एका गटाने खायचं आणि न खायचं, आणि तीन मुलींनी केलं "घरामागे मिळतं" आणि "बाजारातून आणलं". तो तिसरा गट बघून मी घरी विचार करत बसले, कारण आमच्या माटोळीतलं अर्ध्याहून जास्त आता म्हापशाच्या बाजारातून येतं, मी लहान असताना आजोबा रानात जाऊन आणायचे. पुढच्या चवथीला मुलगा मामाबरोबर स्वतः गेला कांगल्या आणायला. आणल्या, आणि कुठल्या झाडावर होत्या ते चित्र काढून टीचरला दिलं.

केपे, निवृत्त मुख्याध्यापिका

भाऊसाहेब बांदोडकरांच्या वेळी गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तशाच एका शाळेत मी 1971 मध्ये पहिलीला बसले. आमचा शरद म्हणजे शाळेतली सरस्वती. नवरात्रात सरस्वती पूजन असायचं, त्याच्या आधी आठ दिवस अभ्यास कमी आणि शेणाने जमीन सारवणं, पताका, आंब्याची तोरणं. पाटीवर 1 हे आकडे जोडून जोडून सरस्वती काढायची, ती आधी मोठ्या मुलांकडून शिकायची, मास्तर शिकवायचे नाहीत. रात्री गॅसबत्तीच्या उजेडात मुलांचं नाटक, अख्खा गाव बसलेला. मी पहिलीत एकच वाक्य बोलले होते आणि ते अजून पाठ आहे.

पुढे मी स्वतः शिकवायला लागल्यावर ते आठ दिवस वाया गेले असं मला कधीच वाटलं नाही. पाच मीटर दोरीला एक वीत अंतरावर पताका लावायच्या तर किती लागतील हे पोरं न सांगता मोजतात. ज्याला वाचता येत नाही तो मुलगा नाटकाचं वाक्य पाठ करायला म्हणून वही उघडतो, आणि हळूहळू अक्षरं ओळखायला लागतो, हे मी एकदा नाही, कितीतरी वर्षं बघितलं. नव्या टीचरना माझी कळकळीची विनंती आहे, कार्यक्रमाचे कपडे भाड्याने आणा, पण तोरण मुलांनाच करू द्या, वाकडं झालं तरी.

मडगाव, पालक

आमच्याकडे इंग्रजी शाळा आहे, तिथे ऑक्टोबरात खरंच केशरी कागदाची मेपलची पानं कापायला लावली. मुलीने घरी येऊन बदामाचं लाल पान दाखवलं, बिल्डिंगखालच्या झाडाचं, आणि म्हणाली हे चालेल का. टीचरने वर्गात लावलं ते. आनंद झाला म्हणून लिहिलं.

सत्तरी, तिसरी-चौथी

सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, नेतो दरवर्षी. सप्टेंबरात तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, गेंद, आणि दवबिंदू नावाची ती इवलीशी वनस्पती जी किडा चिकटवून खाते, ती दाखवायला गुडघ्यावर बसावं लागतं, भिंगं न्या. तोडायचं नाही, फक्त चित्र काढायचं, एवढा एकच नियम. दिवाळीनंतर त्याच जागी परत नेतो, तेव्हा सगळं वाळून तांबडा दगड उघडा पडलेला असतो, आणि मुलं आपल्या वहीतलं चित्र बघून जागा शोधत बसतात की "हांगाच आशिल्लें" (इथेच होतं).

वाटेत खुळखुळ्याच्या पिवळ्या फुलांवर निळ्या ठिपक्यांची टायगर फुलपाखरं गर्दी करतात. एका मुलाने विचारलं ती सुकलेली देठं का चोखतात. त्या झाडातून त्यांना एक कडू द्रव्य मिळतं, त्याने पक्षी त्यांना खात नाहीत आणि नराला मादीसाठी वास तयार करायलाही ते लागतं. हे मला आधी ठाऊक नव्हतं, मुलाने विचारलं म्हणून शोधलं.

आणि एक सावधगिरी! दोन वर्षांमागे नोव्हेंबरातल्या फेरीत एका मुलाने वाटेवरची खाजकुयलीची शेंग मखमलीसारखी दिसते म्हणून हातात घेतली. बिचारा रडून बेजार. चोळू दिलं नाही, चिकटपट्टी लावून लावून केस उचलले, मग पाण्याने धुतलं, तासाभराने शांत झाला. मी आधी दाखवायला हवी होती, चूक माझी. तेव्हापासून निघण्याआधी शेंगेचं चित्र फळ्यावर काढतो आणि एक चिकटपट्टीचं रीळ खिशात ठेवतो.

बार्देश, चौथी

नरकासुराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुराचे मोठे पुतळे उभे राहतात, मुलं जागी असतात, तर शाळेत त्याआधीच्या आठवड्यात आम्ही एक चार फुटी करतो. जुनी वर्तमानपत्रं, वाळलेलं गवत, मैद्याची खळ, थर्माकोल आणि प्लास्टिक बंद. डोकं किती मोठं करायचं यावर भांडण होतं, मग आम्ही एकमेकांना मोजतो, प्रत्येकाची उंची आणि डोक्याची उंची, भागाकार करतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलात साधारण सहा डोकी बसतात. मग ठरतं, राक्षस आहे म्हणून याच्यात चारच बसवू. भागाकार नको म्हणणारी मुलं हा भागाकार स्वतःहून करतात.

आकाशकंदील पण, बांबूच्या कामट्यांचा षटकोन. चौकोनी सांगाडा हलतो आणि त्रिकोणाचा हलत नाही, हे त्यांच्या हाताला कळतं. तोंडाने सांगायची गरजच पडत नाही.

तिसवाडी, वरचीच

करमळीच्या तळ्याचं राहिलं. ऑक्टोबरच्या शेवटी बाहेरची बदकं यायला लागतात, सालीम अली अभयारण्याला चोडणला जायला फेरीबोट लागते पण करमळीला रस्त्यावरूनच दिसतं. दुर्बीण एकच असली तरी चालतं, रांग लावतो, प्रत्येकाने एक मिनिट बघायचं आणि परत येऊन एक वाक्य लिहायचं. शेपूट टोकदार असलेलं बदक (पिनटेल) खूप उत्तरेकडून, रशियाकडून येतं असं सांगितल्यावर एकाने लिहिलं, "त्याची शाळा सुटली काय?"

काणकोण, एकशिक्षकी शाळा

सगळ्यांचं वाचून धीर आला म्हणून लिहिते. माझ्या शाळेत नऊ मुलं आहेत, चारही इयत्ता मिळून. शाळेशेजारचं शेत सहा वर्षं पडीक, कणीस दाखवायचं तर तीन किलोमीटर जावं लागतं. मागच्या वर्षी मुलांच्या एका आजीने मूठभर ज्योती भाताचं बियाणं दिलं, आम्ही जूनमध्ये शाळेमागे दोन ताटांएवढ्या जागेत रोप काढलं आणि पाऊस धरल्यावर पाण्याच्या टाकीमागच्या ओलीत लावलं, दोन खाटांएवढीच जागा. चौथीतल्या दोघांनी दर सोमवारी उंची लिहिली. चवथीच्या सुट्टीत कोण बघणार यावर वाद झाला, शेवटी पाळ्या लावल्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस थांबल्यावर, कापलं. प्रत्येकाने एका कणसाचे दाणे मोजले. सगळ्यात कमी 84, सगळ्यात जास्त 151, पहिलीच्या मुलाने दहा-दहाच्या ढिगांनी मोजले आणि दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर आणले.

झोडून, वारवून भरलं सव्वा किलो. आजी म्हणाल्या फोव (पोहे) करूया. भिजवलं, भाजलं, त्यांच्याच घरच्या उखळात कांडलं, मुलांनी आळीपाळीने मुसळ धरलं. निम्मं कोंड्यात गेलं असं मुलांना वाटलं म्हणून कोंडाही तोलला. सुट्टीच्या आदल्या दिवशी गूळ-खोबऱ्यात गोड फोव कालवले, वर्गातच, प्रत्येकी तीन चमचे आले आणि एक वाटी उरली. ती कोणाला द्यायची हे मुलांनी ठरवलं. पडीक शेताच्या मालकाला. नऊही जण घेऊन गेले. तो यंदा शेत करणार आहे का ते अजून सांगितलेलं नाही त्याने, पण वाटी धुऊन परत पाठवली, आणि तिच्यात चार कारीटं होती.