पोरांना इन्स्क्रिप्ट शिकवावं की नको?

गिरणाकाठ, चाळीसगाव
पोरीसाठी देवनागरी स्टिकर लावलेला कीबोर्ड आणला. जोडला, 'क' दाबला, तर पडद्यावर इंग्रजी 'के'. दुकानदार म्हणे, पीस बदलून देतो. अहो, पीस चांगलाच होता! कीबोर्ड फक्त अमुक नंबरची कळ दाबली एवढंच कळवतो. तिचं अक्षर कोणतं, ते कॉम्प्युटरमधलं लेआउट ठरवतं. विंडोजमध्ये मराठी जोडलं, विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला, काम झालं.

तर माझं म्हणणं, पोरांना पहिल्यापासून इन्स्क्रिप्टच शिकवा. भारतीय लिप्यांसाठीचं, १९९१च्या भारतीय मानकातलं लेआउट आहे. मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. क वर शिफ्ट धरली की ख, त वर थ. आणि क ची कळ गुजरातीतही तीच. गुजरातच्या सीमेवरच्या नवापूरकडच्यांना तर दुहेरी फायदा.

केळीवाला, रावेर
फायदा कोणाला भो? मी रोज भाव टाकतो, इंग्रजी अक्षरांतून. 'keli' टाकलं की 'केळी' बरोब्बर उमटतं. पोरगा तर बोलूनच लिहितो. एक कीबोर्ड हातात बसलेला असताना दुसरा पाठ कशाला करायचा?

जुना डीटीपीवाला, जळगाव
पोरांना शिकवा, मला सांगू नका. माझी बोटं रेमिंग्टन टाइपरायटरवर घडली. त्यावर पहिली वेलांटी आधी, मग अक्षर, जसं हातानं लिहितो तसं. इन्स्क्रिप्टला आधी क, मग वेलांटी. वीस वर्षांचं वळण मोडत नाही.

पण जुन्या फॉन्टची बाजू मी घेणार नाही. आत इंग्रजी अक्षरंच असायची, वरचं चित्र तेवढं मराठी. एकदा लग्नपत्रिकेची फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली. तिथं तो फॉन्ट नव्हता, आणि नवरदेवाच्या नावाच्या जागी नुसते कंस आणि टक्के.

आहिरानी लेक, धुळे
केळीवाले दादा, तुमची 'केळी' त्या यंत्राच्या शब्दकोशात आहे म्हणून उमटते. मी अहिराणी लिहिते. 'मन्हा डोया', म्हणजे 'माझा डोळा', लिहायला गेलं की 'मनहा' येतं, आणि डोयाचा 'डोळा' करून ठेवतं. म्हणजे माझ्या आईची बोली मला मशीन दुरुस्त करून देणार! इन्स्क्रिप्टवर म, न, पाय मोडायचा, ह, काना. पाच कळा. मध्ये नाक खुपसायला कोणी नाही.

'दर्या' आणि 'दऱ्या' हा फरकही तिथं हातात असतो. र ची कळ शिफ्ट धरून दाबली की ऱ.

केळीवाला, रावेर
ताई, टाकी दखं. 'मनहा'च उनं. 😄
अहिराणीपुरतं मान्य. पण व्यापाऱ्याला भाव कळवायला पाच कळा मोजत बसू का? मी काही बदलत नाही.

गिरणाकाठ, चाळीसगाव
दादा, तुम्ही नका बदलू. नऊ वर्षांच्या पोरीचं विचारतोय. स्टिकर मात्र काढतोय, सारखी खाली बघून टाइप करते. कालपासून 'ज्ञ' साठी अडली होती. आपण 'द्न्य' म्हणतो, म्हणून द, न, य दाबत बसलेली.

आहिरानी लेक, धुळे
ज, पाय मोड, ञ. तिला म्हणावं, मीपण अशीच अडले होते.