मुलाखतीत स्वतःची खरी उणीव सांगावी का? (क्वालिटी इन्स्पेक्टर पदासाठी)

प्रश्नकर्ता, अंबड:
नमस्कार. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला असून गेली अडीच वर्षे अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. गेल्या महिन्यात सातपूरला क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी मुलाखत दिली. ड्रॉइंग वाचणे, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), मायक्रोमीटर या मापयंत्राचा लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारे सर्वांत लहान माप) हे सर्व प्रश्न चांगले गेले. त्यानंतर ‘तुमच्या जमेच्या बाजू आणि उणिवा सांगा’ असे विचारले गेले. मी पाठ करून गेलो होतो, त्याप्रमाणे मेहनती आहे, प्रामाणिक आहे, सर्वांशी जुळवून घेतो असे सांगितले, आणि उणीव म्हणून ‘मला प्रत्येक काम अगदी अचूक लागते, त्यामुळे मी स्वतःला फार त्रास करून घेतो’ असे म्हणालो. समोर बसलेल्या मॅडमनी पेन खाली ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, ‘हे उत्तर सकाळपासून चौथ्यांदा ऐकते आहे. आता तुमचे सांगा.’ मला एक शब्दही सुचला नाही. निवड झाली नाही.

येत्या गुरुवारी सिन्नरला, मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत, अशाच जागेसाठी मुलाखत आहे. माझी खरी उणीव मला ठाऊक आहे: चूक दिसली तरी वरिष्ठांना सांगायला मी वेळ लावतो. गेल्या पावसाळ्यात २५ मिमीच्या शाफ्टचा लॉट चालू असताना व्यास हळूहळू वरच्या मर्यादेकडे सरकत असल्याचे माझ्या लक्षात आले होते. इन्सर्ट, म्हणजे मशीनमधला धातू कापणारा तुकडा, झिजत होता. पण मशीनवरचे काका वीस वर्षांचे अनुभवी, त्यांना मी काय सांगणार, या विचारात दीड तास गेला आणि तोवर ४० नग मर्यादेबाहेर जाऊन रिवर्कला (पुन्हा दुरुस्तीला) गेले. तपासणीच्याच जागेसाठी बसलेल्या माणसाने हे सांगणे म्हणजे आपल्या हाताने आपले नाव खोडणे ठरणार नाही का? इंग्रजी बोलण्यातही मी कच्चा आहे. त्याऐवजी तेच सांगावे का?

निवृत्त कार्मिक अधिकारी, नाशिक रोड:
मी बरीच वर्षे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. हा प्रश्न उमेदवाराला अडचणीत आणण्यासाठी विचारला जातो, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो चुकीचा आहे. या माणसाला कामावर घेतल्यानंतर पहिले सहा महिने आम्हाला कोठे लक्ष ठेवावे लागेल, आणि ते त्याला स्वतःला माहीत आहे का, एवढेच आम्हाला जाणून घ्यायचे असते. ‘मेहनती’ आणि ‘प्रामाणिक’ हे शब्द तपासता येत नाहीत. प्रसंग तपासता येतो. म्हणून जमेची बाजू सांगताना परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही नेमके काय केले आणि त्यातून काय झाले, हे चार-पाच वाक्यांत सांगावे. ‘आम्ही केले’ असे म्हणत राहिल्यास तुमचा वाटा कोणता, ते कळत नाही.

इंग्रजीचे म्हणाल, तर ते तुम्ही न सांगताही पाच मिनिटांत दिसते. जे उघड दिसते आहे, तेच उणीव म्हणून सांगितल्यास उत्तर टाळल्यासारखे वाटते. आणखी एक: शाफ्टचा प्रसंग सांगताना त्या ऑपरेटरविषयी किंवा सध्याच्या कारखान्याविषयी तक्रारीचा सूर येऊ देऊ नका.

क्वालिटी सुपरवायझर, सातपूर:
मी वरील मताशी बहुतांशी सहमत आहे, परंतु एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. आमच्या कामात लॉट वेळेवर न थांबवणे यापेक्षा मोठी उणीव नाही. ती आजही तशीच असेल, तर मुलाखतीत सांगा अथवा सांगू नका, त्या जागेवर तुम्ही त्रासातच पडाल. मात्र त्यानंतर तुम्ही काही बदल केला असेल, तर हाच प्रसंग तुमची सर्वांत भक्कम बाजू ठरू शकतो.

आपण मायक्रोमीटर हातात घेतो तेव्हा आधी त्याचे तोंड पुसून शून्य पाहतो. शून्यावर दोन मायक्रॉन जास्त दाखवत असेल, तर प्रत्येक रीडिंगमधून दोन वजा करतो. तो मायक्रोमीटर कोणी फेकून देत नाही, पण चूक किती आणि कोणत्या बाजूला आहे, हे माहीत नसताना त्यावर मापही घेत नाही. तुमच्या बाबतीत ती ‘वजाबाकी’ कोणती? त्या ४० नगांनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काय वेगळे केले, ते येथे लिहा. काहीच केले नसेल, तर गुरुवारपर्यंत कृपया उत्तर रचत बसू नका, उद्याच्या शिफ्टपासून सुरुवात करा.

एक ताई, गंगापूर रोड:
मी नोकरी सांभाळून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली आणि तिसऱ्या मुलाखतीत निवडली गेले. आमच्या अभ्यासात ‘जोहारी खिडकी’ नावाची आकृती होती. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी ती १९५५ मध्ये मांडली. तिच्या चार चौकटींपैकी एका चौकटीत आपल्याविषयी इतरांना ठाऊक असलेल्या, पण आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टी येतात. मी त्या वेळी बरोबर काम करणाऱ्या दोघींना विचारले. दोघींनीही वेगवेगळे बसून एकच सांगितले, की मी मदत मागत नाही आणि काम अंगावर ओढवून घेते. मला ते ऐकून वाईट वाटले, पण मुलाखतीत तेच बोलले. आपणही त्या ऑपरेटर काकांनाच विचारून पाहा. उत्तर पाठ करू नका. मोठ्याने बोलून पाहा आणि दीड मिनिटाच्या आत बसवा.

प्रश्नकर्ता, अंबड:
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. काकांना काल जेवणाच्या सुट्टीत विचारले. ते म्हणाले, ‘तुझं माप बरोबर असतं, पण तू सांगतोस तेव्हा मशीनच्या आवाजात ऐकूच येत नाही.’ मला वाटत होते, की ते माझे म्हणणे मनावर घेत नाहीत.

बदल केला आहे, पण तो सांगण्याजोगा आहे हे माझ्या लक्षात आले नव्हते. त्या लॉटनंतर मी दर पाचव्या नगाचे माप आलेखाच्या कागदावर टिंबाने मांडतो, आणि सलग तीन टिंबे एकाच दिशेला सरकली की कागद मशीनजवळ नेऊन दाखवतो व वेळ लिहून शिफ्ट इनचार्जची सही घेतो. त्यामुळे मला वाद घालावा लागत नाही, कागदच बोलतो. उत्तर असे लिहिले आहे: ‘वरिष्ठांना चूक सांगायला मी कचरत असे. त्यामुळे एकदा काही नग रिवर्कला गेले. तेव्हापासून मी मापे आलेखावर मांडतो आणि तीन टिंबे सरकताच लेखी कळवतो. तोंडी बोलताना आजही थोडा अडखळतो.’

निवृत्त कार्मिक अधिकारी, नाशिक रोड:
उत्तर चांगले आहे. शेवटचे वाक्य काढू नका. ‘काही नग’ मात्र खोडा आणि ‘४० नग’ असे स्पष्ट सांगा. आकडा त्यांनी विचारून घेण्यापेक्षा तुमच्या तोंडून आलेला बरा. आलेखाचा एखादा नमुना कोऱ्या कागदावर हाताने काढून दाखवण्याची तयारी ठेवा, पण कारखान्याचे मूळ कागद बरोबर नेऊ नका.