बोफोर्स हाफ-ट्रॅकवर का टिकली नाही?
एम१६ हाफ-ट्रॅकवर (हाफ-ट्रॅक म्हणजे पुढे चाकं आणि मागे रणगाड्यासारखे पट्टे असलेली लष्करी गाडी) चार मशीनगन बसल्या, मग सरळ ४० मिमीची बोफोर्स ही विमानविरोधी तोफच का नाही चढवली, असं विचारलंत. अहो, चढवली होती! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने एम३ हाफ-ट्रॅकवर टी५४ ही प्रायोगिक गाडी बनवून पाहिली. पण तोफ डागली की धक्क्याने अख्खी गाडी डोलायची. डोलत्या गाडीवरून विमानाचा नेम कसला धरणार? एवढ्यावर न थांबता टी६८ मध्ये एकावर एक अशा दोन तोफा रचल्या. हौसच म्हणायची! तीही अर्थात बाद झाली. शेवटी जोडबोफोर्सला एम२४ चॅफी रणगाड्याचा सांगाडा मिळाला, तीच एम१९. गंमत म्हणजे कोरियन युद्धात काही जुन्या एम१५ हाफ-ट्रॅकवर ३७ मिमीची तोफ काढून एकेरी बोफोर्स बसवलीच.