ट्रोलिंग मोटर पाच नंबरला ताकदच देत नाही, आणि मागच्या फळीवर नीट बसवायची कशी?

करलीकाठ

नमस्कार मंडळी, देवबागला आमची १४ फुटी फायबरची होडी आहे, करली खाडीत गरी टाकायला वापरतो. मागे मधोमध ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (फळीवर बाहेरून टांगायचं इंजिन) आहे, आता त्याच्या बाजूला इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर लावलीय. १२ व्होल्ट, ५५ पाउंड थ्रस्ट (ढकलायची ताकद), हँडलवाली, पुढे पाच स्पीड मागे तीन. आउटबोर्ड चालू ठेवून तिवरांच्या कडेला गेलं की तांबोशी (मासा) हलते तिथून, आणि वल्हवत गेलं तर एक माणूस वल्ह्यातच अडकतो, म्हणून ही घेतली.

प्रॉब्लेम असा की १, २, ३ वर मस्त चालते. ४ ला जरा मंद वाटते, आणि ५ ला टाकली की वेग वाढतच नाही, नुसता आवाज बदलतो, आणि थोड्या वेळाने एमसीबी पडते. बॅटरी १५० एएच (अँपिअर-तास) ट्युब्युलर, इन्व्हर्टरवाली, नवीनच आहे, सकाळी मीटरला १२.७ दाखवते. बॅटरी वजनासाठी पुढे नाळेकडे ठेवलीय, तिथून मागे वायर नेलीय. वायरिंग इथल्याच एका गॅरेजवाल्याने करून दिलं. तो आता म्हणतो मोटर आतून गेलीय, उघडावी लागेल, आर्मेचर बघतो. उघडायला देऊ का?

दुसरं म्हणजे फळी उंच आहे, पाण्यापासून वर १५ इंच, आणि मोटरचा दांडा ३० इंचाचा. खाडीच्या तोंडाकडे थोडी लाट असली की पंखा वर येऊन हवा खातो. काय करावं?

वायरमन_चिपळूण

उघडायला अजिबात देऊ नकोस. आधी नीट विचार कर, १ ते ३ नीट चालते म्हणजे ब्रश, आर्मेचर, बेअरिंग सगळं काम करतंय. पाच स्पीडच्या मोटरमध्ये १ ते ४ ला करंट कॉइलमधून जातो, कॉइल तो अडवते म्हणून वेग कमी. ५ ला कॉइल बाजूला पडते आणि बॅटरी थेट मोटरला. कॉइल जळली असती तर उलटं झालं असतं, १ ते ४ बंद आणि फक्त ५ चालू. ती तक्रार खूप जणांची असते, तुझी ती नाहीये. तुझ्याकडे जास्त करंट मागितला की मार खातेय, म्हणजे करंट वाटेत कुठेतरी अडतोय. ५५ पाउंडवाली फुल्लवर ५० अँपिअरच्या आसपास ओढते. शेतातल्या पंपाला व्होल्टेज कमी आलं की तो कसा घुमत राहतो आणि पाणी फेकत नाही, तेच चाललंय.

बॅटरीचं १२.७ हे लोड नसतानाचं आहे, त्याने काहीच कळत नाही. असं कर. होडी जेटीला दोन्हीकडून घट्ट बांध, मोटर पाण्यात, स्पीड ५. मीटर डीसी २० व्होल्टला. आधी बॅटरीच्या शिशाच्या पोलवर, क्लॅम्पवर नाही, थेट पोलवर टोक टेकवून रिडिंग घे. मग मोटरची वायर जिथे जोडलीय तिथे घे. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त फरक आला तर दोष मोटरमध्ये नाही, वायरीत नाहीतर जॉइंटमध्ये आहे. मग एक टोक पोलवर आणि एक त्याच पोलच्या क्लॅम्पवर ठेव, तिथे जवळजवळ शून्य यायला पाहिजे. तसंच एमसीबीच्या दोन स्क्रूंवर, तसंच प्रत्येक जॉइंटच्या अलीकडे पलीकडे. जिथे आकडा दिसेल तिथे हात लाव, गरम लागेल. बांधलेल्या होडीवर फुल्ल स्पीड फार वेळ ठेवू नको, रिडिंग घेतली की बंद.

आणि वायर किती स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) आहे ते सांग.

कालावलची

दादांनी सांगितलंय ते कराच, पण त्याआधी पंखा काढून बघा भाऊ, पाच मिनिटांचं काम आहे. बॅटरी सोडवून ठेवा, नट काढा, पंखा ओढून घ्या, आतली पिन पाण्यात पडू देऊ नका. पंख्याच्या मागे शाफ्टवर तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला असतो. बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र असा घट्ट बसलेला असतो की ब्लेडने कापून काढावा लागतो. आमच्या कालावल खाडीत जाळ्याचे तुकडे एवढे तरंगतात की हे दर थोड्या दिवसांनी करावंच लागतं. तो तंगूस नुसता मोटर अडवत नाही, सील कापतो, आणि सील गेलं की खारं पाणी आत. मग मात्र गॅरेजवाला म्हणतो तसं खरंच आर्मेचर जातं. पंखा काढल्यावर शाफ्टजवळ तेलकट काळं पाणी दिसलं तर मोटर लगेच वापरायची बंद करा.

मोटर कुठल्या प्रकारची आहे? गोड्या पाण्याची आणि खाऱ्या पाण्याची वेगळी येते. खाऱ्याची असेल तर तिला झिंकचा तुकडा लावलेला असतो, आधी तो गंजतो म्हणून बाकीचा धातू वाचतो. त्याच्यावर रंग मारू नका, रंग मारला की तो काम करत नाही. अर्धा खाऊन झाला की बदला. आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायची, काम झालं की दांडा वर उचलून ठेवायचा, रात्रभर पाण्यात सोडायची नाही.

हर्णैकर_मासेवाला

फळीच्या उंचीबद्दल. हिशोब साधा आहे, फळीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत जेवढं अंतर, त्यात २० इंच मिळव, तेवढा दांडा हवा. तुझे १५ अधिक २० म्हणजे ३५, म्हणजे ३६ इंची दांडा लागतो, ३० पुरणारच नाही. पंख्याचं वरचं टोक फूटभर पाण्याखाली पाहिजे. पण माप होडी रिकामी असताना घेतलंस का? दोन माणसं, बर्फाची पेटी, सगळं सामान ठेवून परत मोज, मागे माणूस बसला की फळी दोन-तीन इंच सहज खाली जाते.

तरी कमी पडलं तर फळी कापायच्या भानगडीत पडू नको. आउटबोर्डसाठी खाली उतरवलेला जो ब्रॅकेट मिळतो तो फळीला बाहेरून लाव, सहा इंच खाली मिळतात. फक्त मोटरचं डोकं किती खाली येतं ते बघ, मागून लाट आली तर त्याच्यावर पाणी बसता कामा नये. बोल्ट आरपार पाहिजेत, ३१६ स्टेनलेस, आतून मरीन प्लायचा जाड तुकडा नाहीतर स्टेनलेसची पट्टी आणि नायलॉक नट. लाकडाचे स्क्रू नकोत, मोटरचा धक्का मागे-पुढे सतत बसतो, स्क्रू हळूहळू भोक मोठं करतो आणि पाणी फायबरच्या आतल्या प्लायमध्ये शिरतं. एकदा आतलं लाकूड कुजलं की अख्खी फळी नवीन करायला लागते आणि तुझं आउटबोर्डही त्याच फळीवर टांगलंय हे लक्षात ठेव. भोक पाडलं की कडांना आतून इपॉक्सी लाव, सुकू दे, मग पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरून बोल्ट आवळ. बाथरूमचं सिलिकॉन नको.

मोटरचा क्लॅम्प कितीही आवळला तरी हादऱ्याने ढिला होतो. खाली रबराचा तुकडा दे, आणि मोटरला एक दोरी बांधून ती होडीच्या कड्यात अडकव. खाडीत गाळात पडलेली मोटर कोणाला सापडत नाही.

करलीकाठ

सगळ्यांचे आभार, आज सगळं करून बघितलं. पंख्यामागे तंगूस होता, काढला, आत तेलकट पाणी नाही. ताई, मोटर खाऱ्या पाण्याचीच आहे, झिंक शाबूत आहे.

रिडिंग अशा आल्या. स्पीड ५ ला बॅटरी पोलवर १२.०, मोटरच्या टोकाला ९.७. क्लॅम्प मीटर मित्राकडून आणला होता, त्यात ४५ अँपिअर. वायर ४ स्क्वेअरची, घरातल्या वायरिंगची. जॉइंट पिळून टेप मारलेला, टेप काढली तर तांबं काळं पडलंय, थोडं हिरवट. एमसीबी ३२ अँपिअरची, घरातलीच. बॅटरी ते मोटर साडेचार मीटर.

वायरमन_चिपळूण

सापडलं. साडेचार मीटर म्हणजे जाऊन येऊन नऊ मीटर वायर. तांब्याचा हिशोब करायचा तर ०.०१७५ गुणिले ९ भागिले ४, म्हणजे ०.०३९ ओहम. त्याला ४५ अँपिअरने गुण, पावणेदोन व्होल्ट नुसत्या वायरीत गेले. उरलेला अर्धा व्होल्ट त्या काळ्या जॉइंटमध्ये आणि क्लॅम्पमध्ये. सव्वादोन-अडीच व्होल्ट गुणिले ४५ म्हणजे शंभर वॅट तू वायर तापवायला घालवतोयस. मोटर एकदम ठणठणीत आहे.

१६ स्क्वेअर टाक, टिनचा मुलामा दिलेली मिळाली तर तीच घे. साधं तांबं खाऱ्या हवेत टोकाकडून आत आत काळं होत जातं, बाहेरून इन्सुलेशन चकचकीत दिसतं आणि आत भुगा. टोकांना थिंबल (वायरच्या टोकाला लावायचं धातूचं कडं) हायड्रॉलिक टूलने दाबून घे, हातोडीने ठोकलेलं नको, वर गोंदवाली हीट श्रिंक नळी. मध्ये जॉइंटच ठेवू नको, एकसंध वायर ओढ.

एमसीबी काढून टाक. ती एसीची आहे. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्याला येतो म्हणून ठिणगी आपोआप विझते, डीसीमध्ये तसं होत नाही, ठिणगी चालूच राहू शकते. ६० अँपिअरचा डीसी ब्रेकर लाव, पाणी न शिरणारा, प्लसच्या वायरीत, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. मोटरजवळ लावलास तर मधली सगळी वायर उघडी राहिली, ती कुठे घासून शॉर्ट झाली तर होडीतच आग.

अजून एक, बॅटरीवर लिहिलेले १५० एएच हे २० तासांच्या हिशोबाचे असतात, म्हणजे साडेसात अँपिअरने हळूहळू काढले तर. ५० ने ओढलेस तर तेवढे मिळत नाहीत. अर्ध्याच्या खाली नेऊ नको, म्हणजे फुल्लवर साधारण तास-सव्वा तास धर, २ नंबरवर पाच-सहा तास आरामात. लोड काढून थोडा वेळ थांबून मोज, १२.२ दिसलं की परत फिर.

कालावलची

आणि ती बॅटरी पट्ट्याने बांधलेल्या झाकणाच्या पेटीत ठेवा. ट्युब्युलर ५० किलोच्या वर भरते, सुटून एका बाजूला गेली तर १४ फुटी होडी त्या बाजूला कलते. बॅटरीच्या झाकणांतून समुद्राचं पाणी आत गेलं तर ॲसिडबरोबर क्लोरीन वायू तयार होतो, तो छातीत जाणं फार वाईट. पेटी पूर्ण बंद पण करू नका, चार्जिंगला हायड्रोजन निघतो, त्याला वाट पाहिजे.

देवगड_गरी

वायरचं सगळं बरोबर आहे. मला तोंडाकडे जाण्याचं काळजीचं वाटलं. ही मोटर छोट्या होडीला ताशी पाच-सहा किलोमीटरच्या वर नेत नाही. उधाणाच्या ओहोटीला देवबागच्या संगमावर पाणी बाहेर धावतं तेव्हा ह्या मोटरवर आत येता येत नाही, बॅटरी कितीही भरलेली असू दे. भरतीबरोबर आत वर जायचं, ओहोटीबरोबर घरी यायचं, असा वेळ बघ. वल्ही होडीतच ठेव, आउटबोर्ड सुरू होतंय हे मोटरवर लांब जायच्या आधी बघून घे, आणि लाइफ जॅकेट अंगात पाहिजे, फळीखाली दाबलेलं नको.

ज्यांच्याकडे आउटबोर्ड नाही, नुसती वल्ह्याची होडी आहे आणि तिला अशी मोटर लावायचीय त्यांनी आधी मत्स्यव्यवसायच्या परवाना अधिकाऱ्याला विचारून घ्या. १ जूनपासूनची पावसाळी मासेमारी बंदी यांत्रिक होड्यांना असते, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट असते, मोटर लावून ती सूट घालवून बसू नका.

करलीकाठ

१६ स्क्वेअर टाकली, डीसी ब्रेकर टाकला. आता स्पीड ५ ला पोलवर ११.९, मोटरला ११.३, ब्रेकर पडत नाही, थिंबल थंड. होडी जाणवेल एवढी ओढ घेते. ब्रॅकेट सांगितला आहे, बोल्ट ३१६ चेच आणतो.

एकच राहिलं, मोटर चालू केली की फिशफाइंडरच्या (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर उभ्या रेघा येतात आणि ५ ला टाकताना तो कधी कधी बंद होऊन परत चालू होतो. आधीपण व्हायचं, मला वाटलं तोच खराब आहे.

वायरमन_चिपळूण

त्याच बॅटरीवर आहे ना तो? मोटर एकदम करंट खेचते त्या क्षणी व्होल्टेज बसतं म्हणून तो रीस्टार्ट होतो, आणि रेघा मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांच्या. ७ एएचची छोटी सील बॅटरी वेगळी दे त्याला, ३ अँपिअरचा फ्यूज लावून. ट्रान्सड्यूसरची (फिशफाइंडरच्या पाण्यातल्या सेन्सरची) वायर मोटरच्या वायरीबरोबर एकाच क्लिपमध्ये बांधलेली असेल तर ती सोडव आणि होडीच्या दुसऱ्या कडेने ने. दोन्ही वायरी एकमेकींना ओलांडत असतील तिथे काटकोनात ओलांडू दे.