बांधावर पेटवलं जाणारं काय काय वाचवलं? अनुभव लिहा

फाल्गुनात आमच्या शिवारात दिवस मावळला की धूरच धूर. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटायच्या, ढीग लावायचा, काडी ओढायची. मीही वीस वर्षं हेच केलं. पूर्वी घरामागं पऱ्हाट्यांची गंजी असायची, चुलीला वर्षभर पुरायची. गॅस आला आणि त्याच सरपणाची अडचण वाटायला लागली. बांधावर रचून ठेवावं तर किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून राहते, आणि २०१७ साली तिनं काय केलं ते कुणी विसरलेलं नाही. म्हणून दोन वर्षांपासून फरदड घेत नाही, म्हणजे वेचणी झाल्यावर तीच कपाशी पुढं राखत नाही. डिसेंबरअखेर ट्रॅक्टरच्या श्रेडरनं उभ्या पऱ्हाटीचा भुगा करून रानातच गाडतो. भाडं जातं, पण उपटायची मजुरी वाचते. यंदा पहिल्या पावसानंतर ढेकूळ उचललं तर नुसत्या बोटानं फुटलं, आत गांडूळ. तुमचं काय जमलं, काय फसलं, दोन्ही लिहा.
– सेलू, परभणी

माझं आधी फसलं. खोडव्याचं, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाचं, पाचट (वाळलेली पानं) न जाळता नुसतं सरीत दाबलं आणि महिन्याभरात ऊस पिवळा पडला. घरात रोज बोलणी खाल्ली. मग कृषी सहायकांनी उलगडून सांगितलं, पाचट कुजवणारे जिवाणू आधी जमिनीतलं नत्र स्वतःलाच घेतात, पिकाला उरत नाही. पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत द्यायचं. आता आठ दिवसांची पाण्याची पाळी बारा दिवसांवर गेली. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं आपण बघितलंय, चार दिवसांचं पाणी म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको.
– माजलगाव

सोयाबीनचं मागल्या सालचं भुसकट हळदीच्या बेडवर अंथरतो. निंदणी एक कमी लागते. मळणीचं ओलं भुसकट मात्र झाकून ठेवू नका, बुरशी धरते, जनावर तोंड लावत नाही.
– वसमत

मला फवारणीच्या औषधाच्या डब्यांचं सांगायचंय. आमच्यात रिकामा डबा धुऊन त्यात गोडंतेल ठेवायची सवय होती. एकदा सासूबाईंनी तसल्याच डब्यातून रानात पाणी नेलं, रात्रभर उलट्या. नशिबानं वाचल्या. तेव्हापासून डबा तीन वेळा खळखळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओततो आणि लगेच खिळ्यानं बुडाला भोक पाडतो. धुतला म्हणून डबा घरात घ्यायचा नाही. युरियाच्या गोण्या मात्र मी टाकत नाही. उसवून, जोडून खळ्यावर अंथरायला मोठं पाल शिवलंय, तीन हंगाम झाले.
– तुळजापूर

ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारात जातात, त्याची चिंता नाही. चिंता मल्चिंग पेपरची, म्हणजे बेडवर अंथरायच्या प्लास्टिकची. टरबुजाला स्वस्तातला पातळ पेपर घेतला, काढताना चिंध्या झाल्या. दुकानदार म्हणाला, विकणं आमचं काम, परत घेणं नाही. नांगरटीला फाळाबरोबर अजून तुकडे वर येतात. बायको आणि मी वेचून पाच पोती भरली, ती जाळायची नाहीत असं ठरवलंय. माती लागलेला पेपर घेणारं कुणी जालन्याकडं असेल तर कळवा, भाडं मी भरतो.
– अंबड