गच्चीवर चार सेकंद उडालं, मग टाकीला धडकलं. रिमोटचं ४५० हेलिकॉप्टर शिकायचं कसं?

गोदाकाठचा_नवशिक्या

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात मेव्हण्याकडून ४५० साइझचं रिमोटचं जुनं हेलिकॉप्टर घेतलं. त्याचा छंद सुटला आणि मला लागला. किचनच्या काट्यावर बॅटरीसकट आठशे ग्रॅमच्या आसपास भरलं. मित्राचा ड्रोन मी दोन लग्नांत उडवलाय, म्हणून वाटलं, हे तरी काय वेगळं असणार.

रविवारी गच्चीवर नेलं. थ्रॉटल दिलं, उठलं आणि लगेच आपणहून डावीकडे सरकलं. मी उजवीकडे दिलं. मग ते उजवीकडे गेलं ते गेलंच. स्टिक सोडून दिली तरी थांबेना. शेवटी पाण्याची टाकी. दोन्ही ब्लेडचे तुकडे झाले, एक तुकडा शेजारच्या काकूंच्या पापडांत सापडला. त्या अजून बोलत नाहीयेत.

आता नवीन ब्लेड मागवू, की हा नाद सोडू? वय ४१ आहे, शिकवणारं ओळखीत कुणी नाही. मेव्हणा म्हणतो, 'उडवत राहा, येईल.' ब्लेडचा एक जोड गेला की तोच परत म्हणतो, 'उडवत राहा.'

वडापाव_आणि_वायफाय

विका आणि ड्रोन घ्या. हेलिकॉप्टर म्हणजे झाकण नसलेला मिक्सर, तो पण उडणारा.

सांगलीचा_घड्याळजी

दादा, आधी सांगा, बोटं शाबूत आहेत ना? मग बाकी सगळं दुरुस्त होतं.

मी सांगलीत घड्याळं दुरुस्त करतो, एकतीस वर्षं झाली. डोळ्याला भिंग लावून बालकमानी सरळ करणारा माणूस मी. २०१२ साली पहिलं हेलिकॉप्टर घेतलं तेव्हा मलाही वाटलं होतं की आपला हात स्थिर आहे, आपल्याला काय अवघड. नुसतं एका जागी उभं करायला चार महिने लागले! हात स्थिर असून काही उपयोग नाही. उलट तो सारखा चालता लागतो, फक्त केसाएवढा.

तुमचं काय झालं ते बघा. ड्रोनची स्टिक सोडली की तो उभा राहतो, कारण आतला संगणक जीपीएस बघून त्याला सावरतो. तुमच्या ४५०मध्ये फार तर शेपूट धरायला जायरो, म्हणजे वळणं ओळखून सावरणारा भाग, असेल, बाकी सगळं तुमच्या अंगठ्यावर. स्टिक उजवीकडे दिली की ते कलतं, आणि स्टिक मधे आणली तरी कललेलंच राहतं. सरळ करायला डावीकडे द्यावं लागतं. सरळ झालं तरी घसरणं चालूच, ते थांबवायला अजून थोडं डावीकडे. आणि थांबतंय असं दिसायच्या आधीच परत उजवीकडे, नाहीतर उलट्या दिशेने निघालं. एका हालचालीमागे तीन हालचाली असतात. तुम्ही पहिली केलीत, बाकीचं काम टाकीने केलं.

आता ते ४५० माळ्यावर ठेवा. विकू नका, पण सहा महिने खाली काढू नका. कारण सांगतो. त्याच्या रोटरचा व्यास सत्तर सेंटिमीटरच्या आसपास. मिनिटाला अडीच हजार फेरे धरले तर ब्लेडचं टोक ताशी सव्वातीनशे किलोमीटरने फिरतं. हे मी दुकानात पावतीच्या मागे मांडून बघितलं आणि त्या दिवशी उडवायला गेलोच नाही. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एक १९ वर्षांचा मुलगा स्वतःच्याच रिमोटच्या हेलिकॉप्टरचं ब्लेड लागून मेला, आणि तो नवशिका नव्हता, चांगला उडवणारा होता. त्याचं मोठं होतं, पण तुमचं काही खेळणं नव्हे. गच्ची तर कधीच नको. पळायला जागा नाही, कठड्यावरून वारा उलटा वळतो, आणि खाली लोक.

त्याऐवजी तळहाताहून थोडं मोठं, एका सेलच्या बॅटरीवर चालणारं छोटं हेलिकॉप्टर घ्या. पण एकावर एक दोन पंखे उलटसुलट फिरणारं घेऊ नका. ते इतकं शहाणं असतं की तुम्हाला काहीच शिकवत नाही. एकच रोटर आणि मागे शेपटीचा पंखा हवा. पडलं तरी सहसा काही मोडत नाही, कारण वजनच नाही. मी तसल्याच एकावर शिकलो. त्याची ब्लेड इतकी वाकडी झाली होती की उडताना खोकल्यासारखा आवाज यायचा.

जागा मिळाली ती हळदीच्या वखारीत. मित्राची वखार आहे, माल गेला की मधला खण रिकामा. वारा शून्य. तिथे एक गोष्ट डोळ्यांनी दिसली, जी मैदानात कधीच दिसली नसती. फरशीवर हळदीची भुकटी असायची. हेलिकॉप्टर वीतभर वर असलं की पंख्याच्या वाऱ्याने तो पिवळा ढग फरशीवरून बाहेर पसरायचा, वर चढायचा आणि वळून परत पंख्यात यायचा. हेलिकॉप्टर आपल्याच उष्ट्या वाऱ्यात हेलपाटायचं. मी घाबरून आणखी खाली आणायचो, ते आणखी हेलपाटायचं. एके दिवशी चुकून थ्रॉटल जास्त गेला, ते छातीएवढं वर गेलं आणि एकदम शांत झालं. तोवर पंधरा दिवस मी सगळ्यात अवघड उंचीवर शिकत होतो! 'थोडंसंच उचला' हा नवशिक्याला मिळणारा सगळ्यात वाईट सल्ला आहे. छोटं घेऊन छातीच्या उंचीवर जा.

(घरी गेलो की बायको म्हणायची, 'परत हळद लागली का तुम्हाला?')

आणि सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर उडवायचं खोटं हेलिकॉप्टर. भाच्याच्या लॅपटॉपवर घालून घेतला, स्वतःचाच रिमोट वायरने जोडला. दुकान उघडायच्या आधी रोज वीस मिनिटं. एका सकाळी सतरा वेळा पाडलं, खर्च शून्य. गेमचा कंट्रोलर मात्र वापरू नका. त्याच्या स्टिक बुटक्या आणि स्प्रिंगच्या, अंगठ्याला भलतीच सवय लागते.

गोदाकाठचा_नवशिक्या

बोटं शाबूत आहेत काका. वाचून जरा घाम फुटला, पण बरंही वाटलं. स्टिक सोडली की थांबेल हेच माझ्या डोक्यात बसलं होतं.

तीन शंका आहेत. ते उठल्या उठल्या डावीकडे का सरकलं? मी तर काहीच दिलं नव्हतं, ट्रिम, म्हणजे रिमोटवरची बारीक जुळवणी, बिघडलंय का? दुसरं, यूट्यूबवर लोक नाक आपल्याकडे करून उडवतात, सिम्युलेटरवर मी तसं केलं की दोन सेकंदांत खाली. तिसरं, जुनी बॅटरी जरा फुगल्यासारखी वाटतेय, चालेल का?

इझारकाठची

डावीकडे सरकण्याबद्दल मी सांगते. (म्युनिकमध्ये राहते, नवऱ्याच्या नादाने इथल्या मॉडेल उडवणाऱ्यांच्या क्लबात ओढली गेले, आता तो बॅडमिंटन खेळतो आणि मी उडवते.)

ट्रिम बिघडलेलं नाही. तुमच्या हेलिकॉप्टरचा रोटर वरून बघितला तर बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल. घड्याळजींना आवडेल हे! त्यामुळे बाकीचं अंग उलट फिरायला बघतं, म्हणजे शेपूट उजवीकडे जायला बघते. तिला अडवायला मागचा छोटा पंखा शेपूट डावीकडे ढकलतो. फिरणं थांबतं, पण तो डावा धक्का शिल्लक राहतो आणि अख्खं हेलिकॉप्टर डावीकडे सरकतं. म्हणून उठतानाच केसभर उजवीकडे द्यायचं. नीट एका जागी तरंगणारं हेलिकॉप्टर जरासं उजवीकडे कललेलंच दिसतं. मी पहिले दोन महिने ते 'सरळ' करत बसले होते.

इथे क्लबात दोन रिमोट जोडून शिकवतात. शिकवणाऱ्याच्या हातात एक बटण, त्याने सोडलं की कंट्रोल परत त्याच्याकडे. माझे गुरुजी सत्तरीचे आहेत. १९७० च्या सुमारास जर्मनीतल्याच डीटर श्ल्यूटर यांनी मॉडेल हेलिकॉप्टर खऱ्या अर्थाने उडतं केलं, त्या काळाबद्दल ते भरभरून बोलतात. तेव्हा शेपटीला जायरो नव्हता, शेपूट अंगठ्याने धरायची. त्यामुळे मी कुरकुर केली की ते नुसते बघतात.

नियमांचंही बघा. इथे २५० ग्रॅमपासून पुढे नोंदणी करून क्रमांक मॉडेलवर चिकटवावा लागतो, आणि विमा सक्तीचा. तुमच्याकडे २०२१ चे ड्रोन नियम वजनावर चालतात. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो, म्हणजे तुमचं ४५० मायक्रोत येईल. नाशिकला एकीकडे ओझरचा विमानतळ आणि दुसरीकडे देवळालीचं तोफखान्याचं केंद्र. मैदान ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशात रंग बघून घ्या. घड्याळजी सांगतात तसलं छोटं घेतलंत तर काही महिने दिवाणखाना पुरेल.

सांगलीचा_घड्याळजी

ताई, उजवीकडे कलायचं कारण आज कळलं. मी बारा वर्षं ते देतोय, का देतोय ते माहीत नव्हतं.

नाक आपल्याकडे केल्यावर डावं-उजवं उलटं होतं, सगळे तिथेच अडकतात. 'आता उलटं द्यायचं' असा विचार करायला गेलात तर विचार संपेपर्यंत ते जमिनीवर. मला एकच युक्ती उपयोगी पडली. पंख्याच्या चकतीकडे बघा. ती ज्या बाजूला खाली गेली, त्या बाजूला स्टिक सरकवा. पडक्या भिंतीला टेकू द्यावा तसं. नाक आपल्याकडे असताना तेच बरोबर असतं. पण याची घाई नको. आधी शेपूट आपल्याकडे, पूर्ण बॅटरीभर एका जागी. मग शेपूट जरा तिरकी. मग आडवं, डावीकडून आणि उजवीकडून दोन्ही. एक बाजू सगळ्यांना सोपी जाते आणि माणूस तीच घोटत बसतो. माझी डावी बाजू अजून कच्ची आहे.

फुगलेली बॅटरी नको, अजिबात नको. चार्जरला लावूच नका. लायपोचा, म्हणजे या लिथियम बॅटरीचा, सेल भरला की ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायचा तर ३.८. मेव्हण्याने वर्षभर भरलेलीच ठेवली असणार, म्हणून फुगली. नवीन घेतलीत की २२०० एमएएचची बॅटरी २.२ अँपिअरवर चार्ज करा, फरशीवर ठेवून, आणि समोर बसून. चार्जिंगला लावून बाजारात जायचं नाही. माझ्या दुकानात एक पेटली होती. थोडक्यात निभावलं, पण भिंतीवरचा काळा डाग तसाच ठेवलाय.

माळ्यावर टाकण्याआधी ४५० जरा तपासा. ब्लेड धरणारा आडवा दांडा, स्पिंडल म्हणतात तो, काढून काचेवर लोळवा. खालून उजेड लुकलुकला की वाकलाय. एवढ्याशा धक्क्यानेही वाकतो, आणि वाकलेल्यावर नवीन ब्लेड बसवलीत की सगळं थरथरतं, मग माणूस जायरोला दोष देतो. सर्व्होचे, म्हणजे ब्लेड कलवणाऱ्या छोट्या मोटरांचे, हात बोटाने सावकाश फिरवा, अडकत गेले तर आतले दात गेले. मोठ्या दातेरी चाकाचा एकेक दात बघा. हे माझं आवडतं काम. खरं सांगू, पहिलं वर्षभर मी उडवण्यापेक्षा दुरुस्तीच जास्त केली आणि त्यालाच शिकणं समजत होतो. टेबलावर काम करताना मोटरच्या तीन तारांपैकी दोन सोडून ठेवा. चुकून चालू झालं तर टेबलावर तुमचे हातच असतात.

स्पिंडल वाकला असेल तर कुरिअरने पाठवा, सरळ करून देतो. पैसे नकोत. सोबत नाशिकचा चिवडा पाठवा.

गोदाकाठचा_नवशिक्या

सात आठवड्यांनी लिहितोय. छोटं घेतलं, निळं आहे. मुलीने त्याला खंड्या नाव ठेवलंय. दिवाणखान्यातला पंखा बंद, पडदे बांधलेले, बायको स्वयंपाकघरात दार लावून.

शेपूट माझ्याकडे ठेवून आता जवळजवळ पूर्ण बॅटरीभर उभं राहतं, म्हणजे सहाएक मिनिटं. पहिल्यांदा जमलं तेव्हा श्वास धरून उभा होतो हे मुलीने सांगितल्यावर कळलं, आणि तेवढ्यात पडलं. डावी बाजू माझीही कच्ची. टेकूची युक्ती सिम्युलेटरवर चालते, खंड्यावर दहापैकी चार वेळा. उरलेल्या सहा वेळा सोफा आहे.

स्पिंडल काचेवर लोळवला. काका, उजेड लुकलुकला. पत्ता निरोपात कळवा, चिवडा घेऊन ठेवलाय. काकूंनाही एक पाकीट दिलं. आता बोलतात, पण पापड दुसऱ्या गच्चीवर घालतात.